थंडी सोसेल का?

‘रिक्रूट’ हा शब्द बेळगावकराला समजावून सांगावा लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या गावात असल्यामुळे, बारीक केस कापलेली, पहाटेच्या धुक्यात एका तालावर धावणारी पोरे पाहतच आमच्या पिढ्या वाढल्या. ‘रिक्रूट दिसतोय’ एवढे म्हटले की कोवळा चेहरा, नव्या बुटांनी सोललेल्या टाचा आणि डोळ्यांत दाटलेले घर, असे सगळे त्यात येते. हाच शब्द मी सातासमुद्रापलीकडे, फुटबॉलच्या गप्पांत, शाळेच्या शेवटच्या वर्गात शिकणाऱ्या एका मुलाविषयी ऐकला, तेव्हा कान टवकारले. मास्तरकीत उमर गेलेल्या माणसाचे कान शाळकरी पोराचा विषय निघाला की आपोआप तिकडे वळतात.

2024 च्या नोव्हेंबरात साठलेली रजा काढून मी आणि सौभाग्यवती मुलीकडे गेलो होतो. मुलगी आणि जावई अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन या गावी असतात. मेंडोटा आणि मोनोना अशा दोन तलावांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसले आहे. राज्याची राजधानी तीच, आणि 1848 साली स्थापन झालेले मोठे विद्यापीठही तिथेच. आमच्या बेळगावला पूर्वी गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. थंडीचा अभिमान घेऊनच मी गेलो होतो. तो आठवडाभर टिकला. जानेवारीत तिथल्या रात्रीचे तापमान सरासरीनेच उणे दहा अंशांखाली जाते. तलाव गोठतात, माणसे त्यांवरून चालत जातात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. डिसेंबरात दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. शाळा सुटण्याच्या वेळेला दिवेलागण!

शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहत. चाळीस हिवाळे त्यांनी पायी टपाल वाटलेले. त्यांच्या घराच्या तळघरात दर शनिवारी मंडळी जमत: एक निवृत्त व्यायामशिक्षक, एक केशकर्तनालयवाले, पोस्टमनसाहेबांच्या पत्नी, आणि पुढे पुढे मी. मी शाळेतला आहे म्हटल्यावर व्यायामशिक्षकांनी मला आपल्या बाजूच्या खुर्चीवर बसवून घेतले आणि खेळ समजावून दिला.

या फुटबॉलमध्ये पायाचे काम धावण्याचे. चेंडूला लाथ क्वचितच बसते. शंभर यार्डांचे मैदान. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, न जमल्यास चेंडू दुसऱ्या पक्षाकडे. सरकण्याचे मार्ग दोन: लांब फेकून झेलायचा, किंवा काखेत घट्ट धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचे. हे घुसणारा गडी म्हणजे ‘रनिंग बॅक’. आपल्या कबड्डीत चढाई करणारा असतो तसा; मात्र याला मधल्या रेषेला शिवायला परत फिरायचे नसते, अंगावर चार जण पडले तरी आणखी हातभर पुढे पडायचे असते.

त्या नोव्हेंबरात तळघरात चर्चा चालली होती ती असाच एक रनिंग बॅक मिळणार की नाही याची. मुलगा दक्षिणेकडच्या एका उष्ण राज्यातला, अजून अठरा पुरे व्हायचे होते. विस्कॉन्सिनने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली होती, आणखी काही विद्यापीठांनीही. त्याचे वजन किती, उंची किती, चाळीस यार्ड किती सेकंदांत धावतो, शाळेच्या शेवटच्या हंगामात किती यार्ड मिळवले, हे सगळे या मंडळींना तोंडपाठ. अशा मुलांना तारे देण्याची तिकडे पद्धत आहे, जास्तीत जास्त पाच. याला चार होते. साऱ्या गोष्टींवर एकमत होते. वाद एकाच प्रश्नावर अडकला होता. पोस्टमनसाहेब तो दर शनिवारी नव्याने विचारीत.

“सगळे खरे, पण पोराला थंडी सोसेल का?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कडाक्याच्या थंडीत चेंडूतल्या हवेचा दाब उतरतो, चामडे कडक आणि निसरडे होते, बोटे बधिर होतात. त्यात वारा सुटला तर लांबची फेक भरकटते. म्हणून उत्तरेकडच्या संघांचा जुना हिशेब असा, की नोव्हेंबर उजाडला की फेकणाऱ्यापेक्षा पळणाऱ्याच्या हाती चेंडू द्यावा. विस्कॉन्सिनने तर या हिशेबावर आपले नाव उभारले. देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा ‘हाइसमन’ करंडक या विद्यापीठात दोनदा आला, 1954 साली अ‍ॅलन अमीची याच्यामुळे आणि 1999 साली रॉन डेन याच्यामुळे. दोघेही चेंडू काखेत घेऊन पळणारे. 15 नोव्हेंबर 2014 रोजी नेब्रास्काविरुद्ध, बर्फ भुरभुरत असताना, मेल्विन गॉर्डन याने सामन्याच्या चारपैकी तीनच भागांत 408 यार्ड काढले. तो विक्रम आठवडाभरातच दुसऱ्याने मोडला, पण ही बाब तळघरात सांगायची नसते.

गॉर्डन विस्कॉन्सिनच्याच केनोशा गावचा. पोस्टमनसाहेबांचा मुद्दा तोच: इथला पोर इथल्या हवेत मुरलेला असतो. त्यांच्या बाजूला इतिहासही होता. 31 डिसेंबर 1967 रोजी याच राज्यातल्या ग्रीन बे गावी व्यावसायिक संघांचा अंतिम सामना झाला, पारा उणे पंचवीस सेल्सियसच्या आसपास होता. मैदानाखालची ऊब देणारी यंत्रणा बंद पडली. पंचाची धातूची शिट्टी ओठांना चिकटली, ती ओढताना कातडी निघाली, मग शिट्ट्यांवाचूनच सामना पुढे चालला. टेक्ससमधून आलेला डॅलसचा संघ 21-17 असा हरला. त्या राज्यात सत्तरी ओलांडलेला जो भेटेल तो आपण त्या दिवशी मैदानात हजर असल्याचे सांगतो. त्या सर्वांना बसायला तिथे जागा कशी पुरली असेल, हा प्रश्न मी गणिताचा मास्तर नसल्याने विचारला नाही.

व्यायामशिक्षक दुसऱ्या बाजूचे. “जेम्स व्हाइट आला नव्हता का फ्लोरिडातून?” हे त्यांचे ठेवणीतले अस्त्र. समुद्रकिनारीच्या फोर्ट लॉडरडेलमधला हा मुलगा 2010 साली इथे आला आणि पहिल्याच हंगामात त्याने हजारावर यार्ड मिळवले. पुढे 2017 च्या फेब्रुवारीत, व्यावसायिकांच्या सर्वांत मोठ्या सामन्यात, जादा वेळेतला विजयी गुणही त्यानेच काढला. शिवाय, ते म्हणत, थंडी आहेच किती दिवस? हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो, नोव्हेंबरअखेर संपतो. खरे गारठ्याचे सामने दोन नाहीतर तीन. सरावाला छताखालचे मैदान आहे.

“मग मुलांना भेटीला जूनमध्ये का बोलावतात? जानेवारीत बोलवा की!” केशकर्तनालयवाले मध्येच कात्री चालवीत. यावर सगळे हसत. जूनमध्ये मेंडोटा निळाशार असतो, शिडाच्या होड्या फिरत असतात, काठावर विद्यार्थी आइस्क्रीम खात बसलेले असतात. स्थळ दाखवताना अंगणात सडारांगोळी घालायची रीत सगळीकडची एकच.

मी ऐकत होतो. ही माणसे वाईट नव्हती, हे मी आवर्जून सांगतो. त्या वर्षी त्यांच्या संघाने बारापैकी पाचच सामने जिंकले होते आणि हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याला जाण्याची सलग बावीस हंगामांची परंपरा तुटली होती. बुडत्याला काडीचा आधार हवा असतो, तसा त्यांना तो मुलगा हवा होता. पण एका अल्पवयीन मुलाची मांडी, पोटरी, वजन, दम यांची चर्चा साठीसत्तरीची माणसे करीत होती, तेव्हा मला राहून राहून बैलबाजार आठवत होता. दात पाहणे तेवढे बाकी होते. आता तर त्यात उघड पैसाही आला आहे. 2021 पासून या खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर कमाई करता येते, आणि 2025 च्या जुलैपासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणेही सोपे झाले आहे. पूर्वी फुकट राबवून घेत, त्यापेक्षा हे बरेच म्हणायचे. मात्र पैसे दिले की देणाऱ्याचा आवाज चढतो, हेही खरे.

त्यांना नावे ठेवताना आपले अंगणही पाहावे. दहावीचा निकाल लागला की माझ्या कार्यालयाबाहेर जे बोलणे चालते ते काय वेगळे असते? “ब्याण्णव टक्केवाला कुणाचा हो?” असे विचारणारे पुष्कळ, त्या मुलाला धारवाडला पाठवायचे, बेंगळुरूला की पुण्याला, हे ठरवणारेही पुष्कळ. कोणत्या गावी कॉलेजची फी किती आणि कोणत्या भाषेत निभाव लागेल, याचा आमच्या सीमाभागात बारकाईने खल होतो. पोर रात्री कुणाशी बोलेल, हा प्रश्न त्या खलात कुणी टाकत नाही.

तिकडे तो टाकला पोस्टमनसाहेबांच्या पत्नीने. बाई एरवी फारशा बोलत नसत. पंचवीस वर्षे विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या भोजनगृहात त्यांनी ताटे भरली होती. एका शनिवारी वाद रंगात आला असताना त्या सुपाची भांडी घेऊन जिना उतरल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही सगळे नोव्हेंबरचे काय घेऊन बसलात? नोव्हेंबरात एकालाही थंडी वाजत नाही. पाऊण लाख माणसे नावाने ओरडत असताना कुणाला वाजेल? थंडी वाजते फेब्रुवारीत. सामने संपलेले असतात. कुणी ओरडत नाही. लवकर काळोख. तेव्हा ती आडदांड पोरे ताट घेऊन माझ्यासमोर उभी राहत आणि उगाचच विचारीत, आज काय आहे? समोर पाटी लावलेली असे. त्यांना वाचायचे नसे, कुणाशी तरी दोन शब्द बोलायचे असत.”

मग त्या थोडे थांबून म्हणाल्या, “आणि कुणीतरी त्याच्या आईला कळवा, कोट तिकडे घेऊ नको म्हणावे. दक्षिणेतल्या दुकानात मिळतो तो कोट इथे कामाचा नाही. इथे येऊन घ्या. आधी बूट घ्या, कोट नंतर.”

तळघरात कुणी काही बोलले नाही. चारही जणांना एकदम आठवले असावे, की या मुलाला आई आहे.

तिथल्या मैदानाची एक हकिगत मला नंतर कळली. त्याचे नाव कॅम्प रँडल. खेळाच्या मैदानाला छावणीचे नाव कशाला, म्हणून चौकशी केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेची ती प्रशिक्षण छावणी होती; विस्कॉन्सिनमधले सुमारे सत्तर हजार सैनिक तिथे कवायत शिकून गेले. म्हणजे रिक्रूट हा शब्द त्या जमिनीवर खेळाच्या कितीतरी आधी रुजला होता. पुढचा भाग अधिक गंभीर आहे. 1862 च्या वसंतात दक्षिणेच्या फौजेतले, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूचे, सुमारे चौदाशे युद्धकैदी तिथे आणून ठेवले गेले. त्यांत अलाबामासारख्या उबदार मुलखातली पोरे बरीच होती. आजार, जखमा, आबाळ आणि न मानवणारी हवा यांनी काही आठवड्यांतच त्यांतले 140 जण दगावले. मॅडिसनच्या फॉरेस्ट हिल दफनभूमीत त्यांच्या थडग्यांच्या रांगा आहेत. जावयांनी मला एका रविवारी तिथे नेले. दगडांवर बर्फ साचला होता. त्यांची बाजू अन्यायाची होती, यात मला शंका नाही. पण दगडासमोर उभे राहिल्यावर प्रथम आठवले ते त्यांचे वय.

‘बॅजर’ हे त्या संघाचे टोपणनावही थंडीतूनच आले आहे. बॅजर म्हणजे बिळात राहणारा एक प्राणी. 1820-30 च्या सुमारास शिशाच्या खाणींत राबायला आलेले मजूर घर बांधायला सवड नसल्याने डोंगरउतारात बिळे खणून हिवाळा काढीत, म्हणून लोक त्यांना बॅजर म्हणू लागले. पोटासाठी परक्या थंडीत येऊन, मिळेल त्या आडोशाला राहिलेल्या माणसांचे नाव आज लाल सदऱ्यांवर मिरवते. बाहेरून आलेल्याला ‘तुला थंडी सोसेल का’ असे विचारणाऱ्या राज्याचे मूळपुरुष हे असे होते.

त्या वर्षी खेळाडूंच्या सह्यांचा दिवस 4 डिसेंबरला होता. त्या मुलाने दुसरीकडे सही केली, घरापासून मोटारीने तीन तासांवरच्या विद्यापीठात. “घाबरला थंडीला,” पोस्टमनसाहेबांनी निकाल देऊन टाकला. मुलाचे स्वतःचे म्हणणे व्यायामशिक्षकांनी वाचून दाखवले: आजीला विमानप्रवास जमत नाही, आणि तिने एकही सामना चुकवू नये अशी त्याची इच्छा होती. थंडीचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता.

महिनाअखेरीस वादाला पुन्हा उकळी फुटली. राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत त्या वर्षी पहिल्यांदाच बारा संघ घेतले होते आणि पहिल्या फेरीचे सामने यजमान विद्यापीठांच्या मैदानांवर होते. 21 डिसेंबरच्या गारठ्यात दक्षिणेतून आलेला टेनेसीचा संघ ओहायो स्टेटकडून 42-17 असा, तर डॅलसचा सदर्न मेथडिस्ट हा संघ पेन स्टेटकडून 38-10 असा हरला. पोस्टमनसाहेब खुर्चीतून उठलेच. “बघितलेत? थंडी!” पण त्या फेरीत चारही यजमान संघ जिंकले होते, आणि त्यांतला एक उबदार टेक्ससमधला होता, हे व्यायामशिक्षकांनी हळूच सांगितले. घरचे अंगण हेच खरे बळ असेल तर थंडीला श्रेय कशाला? ते त्या तळघरात कुणाला पटले नाही. मला पटले.

मुलीच्या घरी परतताना मी तिला विचारले, “तुला गं पहिल्या वर्षी कसे गेले?” 2019 साली ती एकटी इथे शिकायला आली होती. आम्ही दर रविवारी फोन करायचो आणि मी हटकून पहिला प्रश्न विचारायचो, थंडी आहे का गं तिकडे? ती म्हणायची, “आहे बाबा, पण छान वाटते.” आता ती म्हणाली, “तुम्ही थंडीचे विचारायचात ना, तेव्हा मला कळायचे की तुम्हाला दुसरे काहीतरी विचारायचे आहे. मग मीही थंडीचेच उत्तर द्यायची.”

आपल्या घरांत असे प्रश्न सरळ विचारण्याची रीत नाही. बाप मुलीला ‘तू एकटी पडलीस का’ असे विचारत नाही. स्वेटर घातलास का, असे विचारतो. आई ‘तुझ्याविना करमत नाही’ म्हणत नाही. जेवलास का, म्हणते. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून माझ्या शाळेत चालत येणारा एक मुलगा फौजेत गेला. लडाखच्या बाजूला पहिली नेमणूक झाली. सुट्टीवर आला तेव्हा भेटायला आला, मी तोच ठरावीक प्रश्न केला. तो म्हणाला, “थंडी पहिला आठवडा कळते सर. मग कळत नाही. रविवार मात्र कळतो.” रविवारी त्यांच्या गावचा बाजार असतो.

मॅडिसनच्या तळघरातला प्रश्न आणि माझ्या फोनवरचा प्रश्न, शब्द दोन्हींकडे सारखेच. एकाला उत्तर हवे असते ते त्या पोरावर आपली आशा बेतावी की नाही एवढ्यासाठी. दुसऱ्याला ते हवे असते, कारण उत्तर काहीही आले तरी त्याला रात्री झोप लागणार नसते. मुलांना हा फरक नेमका कळतो. वजन, तारे आणि टक्के मोजणारा प्रश्न ती छाती काढून झेलतात. दुसऱ्या प्रश्नापुढे ‘छान आहे’ म्हणून मान फिरवतात.

येत्या जूनमध्ये माझ्या शाळेतून आणखी एक दहावीची तुकडी बाहेर पडेल. कुणी भरतीसाठी धावेल, कुणी पुण्याच्या कारखान्यात लागेल, एखादी मुलगी शिकत शिकत मॅडिसनसारख्या गावी पोहोचेल. त्यांना काय सांगायचे ते मी आता ठरवून ठेवले आहे. कोट जिथे राहायचे तिथेच घ्यावा, आणि आधी बूट. आणि ताट भरून देणाऱ्या माणसाशी, पाटी वाचता येत असली तरी, दोन शब्द बोलावेत.